माधूच्या अंगातलं शिसं

माधू यंदा दुसरीत आहे. वयाने ती चौथीत असायला हवी होती. पाढे म्हणताना ती मध्येच थांबते, डोळे बारीक करते आणि पुढचा आकडा जणू भिंतीवर लिहिलेला असावा तशी भिंतीकडे बघत राहते. मी सांगत नाही. सांगितलं की तिला रडू येतं.

"वाचली ना, मग झालं तर," असं लोक म्हणतात. नागपूरचे म्हणतात, इथले बंगाली शेजारीही म्हणतात. हे वाक्य कानावर पडलं की मी चहा टाकायला आत जाते. वाचली, हे खरंच आहे. पण अडीच वर्षांची असताना जी माधू माझ्या पदराला धरून तीन भाषांत भांडायची, ती मला परत मिळाली नाही. त्याचं सुतकही धरता येत नाही, कारण मुलगी समोर बसून जेवत असते.

ज्यांच्या घरात रांगतं किंवा दुडदुडणारं मूल आहे आणि शेजारी कुठेतरी काहीतरी वितळवलं जातं, फोडलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

शिबपूरची जागा

यांची बदली नागपूरहून कलकत्त्याला झाली. सरकारी क्वार्टरसाठी नाव नोंदवलं, पण नंबर लागायची चिन्हं नव्हती. मराठी मंडळी बहुतेक दक्षिण कलकत्त्यात राहायची. तिथली भाडी आम्हाला झेपणारी नव्हती. शेवटी यांच्या ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याने नदीपलीकडे, हावड्यात शिबपूरला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. हे लाँचने गंगा ओलांडून ऑफिसला जात. शहरात तेव्हा रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटायचे. संध्याकाळी लाँच दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

घरमालक हाजराबाबू खाली राहायचे. साठीचे, धोतर नेसणारे, मृदू बोलणारे. मला 'बौमा' म्हणत, म्हणजे सूनबाई. त्यांच्या बायकोला मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची. त्यांची सून बाळंतपणात गेली होती, मुलगा धंद्यापायी सतत बाहेरगावी. नातू बापी आजीकडेच वाढत होता. तो पाच वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. बाळंतपण अवघड झालं, म्हणून पोर असं, असं सगळी गल्ली म्हणायची.

मागच्या अंगणात हाजराबाबूंची पत्र्याची शेड होती. गल्लीतली काही माणसं तिथे कामाला असत. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या वितळवायच्या आणि त्यातून दोन वस्तू ओतायच्या: मासेमारीच्या जाळ्यांना लावायची वजनं आणि मालगाडीच्या डब्यांना ठोकायची सीलं. सील म्हणजे बत्ताशाएवढी गोल चकती. हातात घेतली की वाटायचं त्यापेक्षा जड लागायची.

भट्टी पेटली की आमच्या गॅलरीत राखाडी धूळ बसायची. कठड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माधूच्या बाहुलीवर. मी दिवसातून दोनदा केर काढायची आणि आपण फार स्वच्छ आहोत, असं मला वाटायचं.

हाजराबाबूंचा माधूवर जीव होता. तिला 'खुकू', म्हणजे छकुली, म्हणायचे, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे. एकदा त्यांनी तिला ओंजळभर सीलं खेळायला दिली. ती दिवसभर भातुकलीत बत्तासे म्हणून वाढायची, स्वतः तोंडात घालून 'गोड' म्हणायची. आम्ही हसायचो.

जंत

उन्हाळ्यात माधू किरकिरी झाली. ताट ढकलायची. पोट धरून कोपऱ्यात बसायची. शौचाला होत नसे, झालं तर रडून रडून. गालांवरचा रंग गेला. गॅलरीचा कठडा चाटताना मी तिला दोनदा पकडलं, हातावर मारलंही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. जंत पडले नाहीत. मग म्हणाले, कॅल्शियम कमी आहे, म्हणून भिंती चाटते. गुलाबी औषधाची बाटली आली. नागपूरहून सासूबाई आल्या. आमच्याकडची मुलं कधी माती खात नव्हती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांचं प्रेम कमी नव्हतं. पण आईच्या हयगयीशिवाय मूल असं सुकत नाही, ही त्यांची खात्री होती, आणि ती त्या मला बोलून नाही तर भांडी आपटून सांगत.

मग शब्द गेले. आधी 'पाणी' गेलं, ती नुसतं बोट दाखवू लागली. कावळ्याला ती बंगालीतलं 'काक' म्हणायची, तेही गेलं. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, उन्हाने थकली असेल. मूल बोलायचं विसरतं, असं कोणी कधी ऐकलं होतं?

हाजराबाबूंचा टेम्पो

दुपारची जेवणं झाली होती. माधू उलटी करून माझ्या मांडीवर पडली होती. एकाएकी तिचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. मी जिन्यावरून ओरडले असेन, मला आठवत नाही. हाजराबाबू धावत वर आले, त्यांनी माधूला उचललं, चमच्याचा दांडा दातांत घालू पाहणाऱ्या सासूबाईंना बाजूला केलं आणि तिला खाली नेलं.

त्या दिवशी गडबडीमुळे टॅक्सी पूल ओलांडायला तयार नव्हत्या. हाजराबाबूंनी आपला टेम्पो काढला. मागचा माल उतरवायला वेळ नव्हता. जुन्या बॅटऱ्यांच्या मध्ये जागा करून मी माधूला घेऊन बसले. ते स्वतः समोर ड्रायव्हरजवळ बसून सबंध हावडा पूलभर लोकांना हात जोडून वाट मागत होते.

त्यांच्या त्या धावपळीमुळे माधू वाचली. हे मी नाकारत नाही. कधीच नाकारलं नाही.

खिडकीशी धरलेला फोटो

सरकारी हॉस्पिटलचा मुलांचा वॉर्ड. झटके थांबवायचं औषध दिलं. पहिल्यांदा मेंदूज्वर म्हणाले. पाठीत सुई घालून पाणी काढलं, ते तसं नाही निघालं. मग विषमज्वर असेल म्हणाले. यात दोन-तीन दिवस गेले.

डॉक्टर बागची नावाची एक तरुण बाई राऊंडला आली. ती माधूच्या हिरड्या बघत बसली. हिरड्यांच्या कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी निळसर रेघ होती. मी ती रोज दात घासताना बघितली होती आणि जांभळं खाल्ल्याची समजले होते. बागचींनी मला विचारलं, घराजवळ कारखाना आहे का? मी म्हटलं, कारखाना नाही, घरमालकांची छोटी शेड आहे. कसली, तर बॅटऱ्यांची. त्यांनी लगेच एक्स-रे काढायला लावला.

फोटो आला तेव्हा वीज गेली होती. त्यांनी तो खिडकीशी धरला. माधूच्या पोटात मोहरीएवढे पांढरे ठिपके विखुरले होते. गुडघ्यांच्या हाडांवर पांढरे पट्टे होते.

"हे शिसं आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "पोटात आहे आणि हाडांतही आहे. पुष्कळ दिवसांपासून जातंय."

मला फक्त ते ठिपके दिसत होते. आपल्या मुलीच्या पोटात कुणीतरी फोडणी टाकल्यासारखे.

घरी निरोप गेला तेव्हा सासूबाईंनी घरातल्या सगळ्या शिसपेन्सिली शोधून फेकून दिल्या. त्यांना शिसं म्हटलं की तेच माहीत. मी तरी वेगळं काय समजत होते? पेन्सिलीत शिसं नसतंच, हे मला नंतर बागचींकडून कळलं. आणि मारुतीला लावतो त्या शेंदरात असतं, हेही. आमच्याकडे म्हणायचे, गवयाचा गळा घालवायचा तर त्याला शेंदूर खाऊ घालावा. ती गोष्ट मी लहानपणी हसत ऐकली होती.

वॉर्डातले दिवस

आधी पोट साफ केलं. मग इंजेक्शनं. औषध हॉस्पिटलमध्ये नव्हतं, शहरातल्या दुकानांतही मिळेना. यांनी मुंबईला भावाला तार केली. विमानाने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर औषधाचा डबा आला. तो येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर भांडलो असतो.

इंजेक्शन मांडीत, खोलवर द्यायचे. माधू सिस्टरच्या चपला ओळखायला शिकली. वॉर्डाच्या टोकाला त्या वाजल्या की ती पलंगाच्या गजांना मिठी मारायची. तिच्याकडे शब्द नव्हते, ती नुसती आवाज काढायची. तिला धरायचं काम माझं. तिच्या लेखी सुई टोचणारी ती सिस्टर नव्हती, मीच होते. नंतर कितीतरी महिने मी तिच्या पायाला हात लावला की ती दचकायची.

मुलं पलंगावर आणि आया पलंगाखाली, सतरंजीवर, असा तिथला रिवाज. वीज गेली की पंखे थांबत आणि सगळ्या बायका एकदम हातपंखे काढत. शेजारच्या पलंगाखाली मटियाबुर्जच्या एका शिंप्याची बायको होती, नूरजहान. तिच्या मुलाच्या मूत्रपिंडाला काहीतरी झालं होतं. ती मला डब्यातून मुरमुरे द्यायची. तीन-चार दिवस तिने बघितलं आणि एकदा मला म्हणाली, "तुम बाहर जाओ दीदी, पैर मैं पकड़ूँगी. बच्ची मुझसे नाराज़ रहे तो चलेगा." त्यानंतर माधूचे पाय तीच धरायची. मी जिन्यात उभी राहून कानावर हात ठेवायची. आजारपणात माझ्यावर कोणी उपकार केला असेल, तर हा. तिचा मुलगा आम्ही वॉर्डात असतानाच वारला. ती सतरंजी गुंडाळून निघाली तेव्हा माधू झोपलेली होती. नूरजहानने तिच्या पायावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता गेली.

इंजेक्शनं मधे मधे थांबवून पुन्हा द्यावी लागत. तिसऱ्या खेपेनंतर माधू उठून बसली. पावसाळा अर्धा सरला होता. तिने बोट दाखवलं आणि 'पा' म्हणाली. मी तिला अख्खा पेला पाजला.

सोडताना बागचींनी यांना आणि मला समोर बसवलं. फरशी केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. प्रत्येक घासाआधी हात धुवायचे. शिशाचं काम करणाऱ्याचे कपडे मुलाच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, त्याने अंघोळीआधी मुलाला उचलायचं नाही. दूध, पालेभाजी, गूळ द्यायचा, उपाशी पोटी शिसं जास्त मुरतं. हे सगळं ज्यांना हवं त्यांनी इथून घ्यावं, कामाचं आहे. मग त्या म्हणाल्या, हे सगळं इतरांसाठी. हिला त्या घरात परत नेऊच नका.

ओल्या फडक्याने फरशी पुसता येते. शेड पुसता येत नाही.

दोन्ही खरं

माधूला घेऊन मी भवानीपूरला ओळखीच्या लेलेबाईंकडे राहिले. त्या कलकत्त्यातच जन्मलेल्या, शाळेत शिकवायच्या. बोलायला फटकळ, पण खोली दिली. यांनी शिबपूरला जाऊन हाजराबाबूंशी बोलायचं ठरलं होतं. हे गेले, चहा पिऊन परत आले.

मी विचारलं, काय म्हणाले? हे म्हणाले, फार वाईट वाटलं त्यांना, डोळ्यांत पाणी आलं. शेडचं? शेडचं मी काढलंच नाही, हे म्हणाले. माणसाने मुद्दाम केलंय का? त्यांनी नेलं नसतं तर ती त्याच दिवशी गेली असती.

मी म्हटलं, त्यांच्यामुळेच न्यावं लागलं.

दोन्ही वाक्यं खरी होती. आमचा संसार आजही त्या दोन वाक्यांच्या मध्ये चालू आहे. तो विषय निघाला की हे पेपर उचलतात.

मग मी एकटी गेले. हाजराबाबू व्हरांड्यात बसले होते. मला बघून उठले, खुकू कशी आहे विचारलं, बसायला वेताचा मोढा पुढे केला. मी उभ्यानेच सांगितलं. शिशाचं, हाडांचं, डॉक्टर काय म्हणाल्या ते. निदान लहान मुलं अंगणात येणार नाहीत, भट्टी घरापासून लांब जाईल, एवढं करा म्हटलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बौमा, मी या शिशातच जन्मलो," ते म्हणाले. "माझे वडील याच शेडमध्ये काम करायचे. मी आहे ना तुमच्यासमोर?"

"तुम्ही आहात. बापीचं काय?"

त्यांचा चेहरा बदलला. बापी जन्मतःच तसा आहे, ते म्हणाले. देवाने दिलेलं आहे, त्यात शिसं कशाला आणता?

माशीमा दारात उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं नव्हतं. "जन्मतः नव्हता," त्या म्हणाल्या. "आजोबांना दादू म्हणायचा. पाणी मागायचा."

हाजराबाबूंनी त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या. मग ते मला म्हणाले, महिनाअखेर जागा रिकामी करून द्या. आवाज चढवला नाही. त्या घरात माझ्यावर कोणी कधी आवाज चढवला नाही.

मी म्युनिसिपालिटीत तक्रार केली. एक साहेब आले, अंगणात खुर्ची टाकून बसले, संदेश नावाची मिठाई खाल्ली आणि गेले. काही निघालं नाही म्हणे. सामान हलवायला गेले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक जणींचे नवरे शेडमध्ये कामाला होते. त्यांच्या मुलांच्या हिरड्या बघा, असं मी त्यातल्या एकीला म्हटलं. ती म्हणाली, शेड बंद झाली तर हिरड्यांनी चावायचं काय?

 

बाकावर

आम्ही बेहालाला दोन खोल्या घेतल्या. आजूबाजूला काय बनतं, ते मी आधी दारोदार विचारून आले. शिंपी आणि एक पिठाची गिरणी, एवढंच होतं. लोकांना मी वेडी वाटले असेन.

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर एका सकाळी दारात माशीमा उभ्या. हाताला बापी. शिबपूरहून बस बदलत बदलत आल्या होत्या, पत्ता यांच्या ऑफिसातून काढला होता. त्या आत आल्या नाहीत. म्हणाल्या, मला त्या डॉक्टरीणबाईंकडे ने.

मी माधूलाही बरोबर घेतलं. बागचींनी बापीला तपासलं, फोटो काढला. माधूसारखेच पट्टे होते, जास्त जुने आणि जास्त रुंद. बागचींनी माशीमांना बाकावर बसवून हळूहळू बंगालीत सांगितलं. इंजेक्शनांनी काही शिसं निघेल. त्रास कमी होईल. बोलेल की नाही, सांगता येत नाही, बहुतेक नाही. आणि घर बदललं नाही तर इंजेक्शनांचा काहीच उपयोग नाही. त्याला दुसरीकडे कुठे ठेवता येईल का?

माशीमांचा भाऊ वर्धमान जिल्ह्यात शेती करायचा. तिथे ठेवता येईल, पण बापी आजीशिवाय जेवत नसे. म्हणजे त्यांनाही जावं लागेल. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"चाळीस वर्षांत मी त्यांना एक दिवस सोडून राहिले नाही," त्या म्हणाल्या. "ते मला जा म्हणणार नाहीत. न विचारता मी जाऊ शकत नाही."

बागचींनी विचारून या म्हटलं. पलंग ठेवते, म्हणाल्या. माशीमांनी मान हलवली. मी त्यांना हावड्याच्या बसपर्यंत पोचवलं. माधूने बापीचा हात धरला होता, तो सोडवायला मला वेळ लागला. माशीमांनी तिच्याकडे बघितलं. ती तेव्हा पुन्हा थोडे शब्द बोलायला लागली होती. तिने बसला 'बस' म्हटलं. माशीमांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बापीला कडेवर घेतलं. तो कडेवर घेण्याएवढा लहान नव्हता.

त्यानंतर माधूच्या तपासण्या दोन वर्षं चालू होत्या. दर खेपेला मी आधी त्या बाकाकडे बघायची. त्या आल्या नाहीत. वर्धमानला गेल्या असतील, असं मी बरेच दिवस धरून चालले. मग यांना हाजराबाबू कुठेतरी भेटले, त्यांनीच सांगितलं की घरी सगळे ठीक आहेत, बापी अंगणात खेळत असतो. धंदाही बरा चाललाय, शेडवर नवा पत्रा घातलाय.